एक द्रव्य, एक नाव : निर्यातीच्या कागदपत्रांविषयी

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधशाळेतून ब्राह्मी चूर्णाची बारा खोकी परदेशी रवाना झाली. माल उत्तम होता. सावलीत वाळवलेला, वस्त्रगाळ केलेला, नीट बंद केलेला. मागवणारे गृहस्थ आपल्यापैकीच, तेथे स्थायिक झालेले वैद्य. दीड-दोन महिन्यांनी त्यांचा निरोप आला, की माल बंदरावर अडवला आहे. चौकशी करता कळले, की बीजकावर केवळ 'ब्राह्मी चूर्ण' असे लिहिले होते, लेबलावर त्याच्याखाली बाकोपा मोनिएरी हे वनस्पतिशास्त्रीय नाव छापले होते आणि सोबतच्या चाचणी अहवालात सेंटेला एशियाटिका असे नमूद होते. तपासणी अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला होता : या दोहोंपैकी खोक्यात काय आहे? पुढे दीड महिना पत्रव्यवहार झाला, गोदामाचे भाडे मालाच्या किमतीला जाऊन भिडले आणि अखेर तो माल तेथेच नष्ट करण्यास आम्ही लेखी संमती दिली.

त्या अधिकाऱ्याला दोष द्यावा असे पुष्कळ दिवस वाटत राहिले. परंतु शांतपणे विचार केल्यावर ध्यानात आले, की चूक सर्वस्वी आमची होती. महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत ब्राह्मी म्हणून जी वनस्पती जोपासली जाते ती बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला असते. आयुर्वेदिक फार्माकोपियाने ब्राह्मी म्हणून स्वीकारलेली वनस्पती बाकोपा, जिला आपण जलब्राह्मी म्हणतो. आमच्या खरेदीदाराने बाजारातील नावाने माल आणला, लेबल करणाऱ्याने ग्रंथातील नाव घातले आणि प्रयोगशाळेने प्रत्यक्ष जे आढळले ते लिहिले. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते; तिघांचे कागद एकत्र ठेवून वाचणारे मात्र कोणी नव्हते. 'संदिग्ध द्रव्ये' हा द्रव्यगुणातील विषय आपण विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता वाचतो आणि विसरतो. तोच विषय पुढे बंदरावर आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

या अनुभवातून माझे जे मत बनले आहे ते वैद्यबंधू-भगिनी आणि औषधशाळांचे चालक यांच्यापुढे विचारार्थ ठेवीत आहे. निर्यातीची कागदपत्रे हे एजंटाचे काम आहे, माल तयार झाला की तो काय ते पाहून घेईल, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझ्या मते या कागदांचा आरंभ कच्ची वनौषधी खरेदी करण्याच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी द्रव्याला जे नाव दिले तेच शेवटच्या कागदापर्यंत अविकृत राहिले पाहिजे. एजंट कागद भरतो; कागदावर काय लिहायचे हे वैद्यानेच ठरवावे लागते.

कागदांचे तीन वर्ग

कागदांची यादी प्रथमच पाहणाऱ्याची छाती दडपते. तिचे तीन वर्ग केले की ती आवाक्यात येते. पहिला वर्ग पाठवणारा कोण हे सांगतो, दुसरा माल काय आहे हे सांगतो आणि तिसरा माल कसा गेला व पैसे कसे आले हे सांगतो.

पहिल्या वर्गातील कागद एकदा करावयाचे आणि दरवर्षी सांभाळावयाचे असतात. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात संकेतांक हा त्यांतील पहिला. २०१७ पासून नव्या अर्जदारांचा पॅन क्रमांक हाच त्यांचा संकेतांक असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहितीला दुजोरा द्यावा लागतो, काही बदल नसला तरीही; न दिल्यास संकेतांक निष्क्रिय होतो आणि नेमका माल निघण्याच्या दिवशी हे लक्षात येते. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना, त्याला जोडलेली मंजूर उत्पादनांची यादी आणि अनुसूची 'टी' नुसार उत्तम उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र. बँकेचा अधिकृत विक्रेता संकेतांक ज्या बंदरातून वा विमानतळावरून माल जाणार तेथील सीमाशुल्क यंत्रणेत नोंदवलेला असावा लागतो. वस्तू व सेवा कर आधी न भरता निर्यात करायची असेल तर प्रत्येक आर्थिक वर्षासाठी हमीपत्र सादर करावे लागते. २०२२ मध्ये आयुष निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाल्याने आपल्या क्षेत्राला स्वतंत्र परिषदही लाभली आहे.

तिसऱ्या वर्गात पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग किंवा विमानाने जाणाऱ्या मालाचे एअर वे बिल, उत्पत्तीचे प्रमाणपत्र, विमा आणि बँकेत रक्कम जमा झाल्याचा दाखला हे कागद येतात. यांतील बरेचसे काम आता संगणकाद्वारे होते आणि ते खरोखरच अनुभवी एजंटाने करावे. दोन गोष्टी मात्र मालकाला ठाऊक असाव्यात. पहिली उत्पत्तीच्या प्रमाणपत्राची. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील करार १ मे २०२२ रोजी अमलात आला; अशा करारान्वये मिळणारी शुल्कसवलत आयातदाराच्या पदरात पडायची असेल तर त्या कराराच्या नमुन्यातील उत्पत्ती-प्रमाणपत्र मालासोबत हवे. साधे प्रमाणपत्र पाठवले तर माल पोहोचतो, सवलत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट पतपत्राची, ज्याला व्यवहारात लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बँकेचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नसतो. कागद सादर झाल्यावर ते ग्राह्य आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात, आणि बीजकातील मालाचे वर्णन पतपत्रातील वर्णनाशी जुळावे लागते. पतपत्रात 'अश्वगंधा मूळ चूर्ण' आणि बीजकात 'आसंध पावडर' असे असेल तर माल कितीही निर्दोष असो, बँक कागद परत करू शकते. एकाच द्रव्याला दहा पर्यायनामे असणे हे आपल्या निघंटूंचे वैभव आहे. बीजकावर मात्र तेच वैभव संकट ठरते, कारण बँकेच्या मेजावर निघंटू नसतो.

नाव कोठे हरवते

आता मधला, दुसरा वर्ग. तो वैद्याचा आहे. मालाचे वर्गीकरण सांगणारा संकेतांक आपल्या देशात आठ अंकी असतो. किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या आयुर्वेदीय औषधासाठी ३००४ ९० ११ हा स्वतंत्र संकेतांक आहे. यांतील पहिले सहा अंक जगभर समान असतात आणि पुढचे अंक ज्या त्या देशाचे. ३००४ ९० या सहा अंकांचा अर्थ 'इतर औषधे' एवढाच होतो. 'आयुर्वेद' हा शब्द शेवटच्या दोन अंकांत आहे आणि ते दोन अंक आपली सीमा ओलांडत नाहीत. पलीकडचा अधिकारी त्याच्या देशाच्या कायद्याने आपल्या मालाकडे पाहतो. तो त्याला औषध मानील, २१०६ या शीर्षकाखालचा अन्नपदार्थ मानील, किंवा केवळ वाळलेले मूळ असेल तर १२११ मधील वनस्पतिभाग मानील. म्हणून मागणी आल्याबरोबर आयातदाराला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. 'तुमच्या देशात ही वस्तू कोणत्या नावाने आणि कोणत्या कायद्याखाली उतरणार?' हा असावा, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

हे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आपली बहुतेक काष्ठौषधी आहारपूरक म्हणून जातात. तेथे माल जाण्यापूर्वी उत्पादन करणाऱ्या जागेची तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते, तिचे दर दोन वर्षांनी सम वर्षात नूतनीकरण होते, प्रत्येक मालाची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे आपला पुरवठादार विश्वसनीय आहे हे पडताळण्याची जबाबदारी तेथील आयातदारावर आली आहे. आहारपूरकाच्या लेबलावर रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या पारंपरिक वनौषधी निर्देशानुसार त्या सुलभ नोंदणीसाठी ३० वर्षांच्या औषधी वापराचा पुरावा लागतो, आणि सर्वसाधारणपणे त्यांपैकी १५ वर्षे संघाच्या देशांतली असावी लागतात. जुन्या उत्पादनांना दिलेली मुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. हा निर्देश वनस्पतींसाठी आहे. रसकल्पांना आणि भस्मांना त्यात जागा नाही. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवरच बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळ्या लेखाचा विषय आहे; परंतु ती असल्याचे ठाऊक नसताना अश्वगंधेची खोकी तेथे पाठवणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय.

औषध की आहार?

येथून पुढचा मुद्दा काहींना रुचणार नाही, तरीही तो मांडणे अगत्याचे वाटते. औषधाच्या नोंदणीचा मार्ग लांब व खर्चिक आहे म्हणून आपल्यातील कित्येक जण माल दुसऱ्याच नावाने पाठवतात. चूर्ण 'मसाला' होते, क्वाथ 'हर्बल चहा' होतो, गुटी 'व्यापारी मूल्य नसलेला नमुना' होते. खोक्यावर एक नाव, आतल्या पुडीवर दुसरे, रुग्णाला दूरध्वनीवर सांगितलेले तिसरे. माल बहुतेक वेळा सुखरूप पोहोचतो, म्हणून ही युक्ती यशस्वी मानली जाते.

तिची किंमत आपण सर्वांनी मोजली आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांचा अभ्यास आला, त्यांतील २०.७ टक्के उत्पादनांत हे धातू सापडले. रसकल्पांत धातू असणारच, शोधनमारणाचा विचार अभ्यासकांनी केला नाही, असे आक्षेप आपण घेतले आणि त्यांत काही तथ्यही आहे. परंतु दुसऱ्या अभ्यासातील एक तपशील मला आजही अस्वस्थ करतो. धातू आढळलेल्या उत्पादनांपैकी ७५ टक्के उत्पादनांनी उत्तम उत्पादन पद्धतीचा दावा केलेला होता. रसकल्प रसकल्प म्हणून विकला गेला असता तर वाद शास्त्राचा झाला असता. आहारपूरकाच्या नावाने विकला गेल्यावर तो आपल्या विश्वासार्हतेचा झाला, आणि त्याचे ओझे जन्मात एकही भस्म न करणाऱ्या औषधशाळेवरही पडले.

आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली ती या पार्श्वभूमीवर. फार्माकोपियातील मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत. काही देशांच्या मर्यादा याहून कडक असतात. ही चाचणी प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची असते. एका बॅचचा अहवाल तीन वर्षे छायाप्रती काढून जोडीत राहण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. बॅच क्रमांक न जुळणारा अहवाल हा अहवालच नव्हे, हे आपण स्वतःलाच एकदा सांगितले पाहिजे.

विशेष म्हणजे खोटे नाव घेण्याची आवश्यकताही उरलेली नाही. १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम १६१-अ नुसार निर्यातीच्या मालाचे लेबल आयात करणाऱ्या देशाच्या कायद्याला अनुसरून करता येते. औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा व वापराच्या मुदतीचा दिनांक अशा गोष्टी मात्र त्यावर राहिल्याच पाहिजेत. ज्याला खरोखर आहार म्हणूनच वस्तू करायची आहे त्याच्यासाठी २०२२ चे 'आयुर्वेद आहार' नियम आहेत. त्यांतून भस्म, पिष्टी, धातुयुक्त कल्प आणि अनुसूची ई-१ मधील विषारी वनस्पती वगळलेल्या आहेत. म्हणजे औषध की आहार हा निर्णय परवाना घेतानाच करता येतो व करायला हवा. बीजक लिहिताना तो करणे हे वरातीमागून घोडे होय.

रुग्णाची पुडी

'आम्ही कोठे निर्यात करतो? दवाखान्यातील औषध परदेशातल्या एखाद्या रुग्णाला पाठवतो इतकेच,' असे म्हणणारे वैद्य पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला उत्पादन परवान्यातून मोकळीक देणारी तरतूद औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३ ईईसी मध्ये आहे. ती या देशातील कायद्याची मोकळीक आहे. पलीकडच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला ती बांधील नाही. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, तेव्हा 'लहान पार्सल कोण पाहतो' या समजुतीचा आधारही डळमळीत झाला.

परंतु कायद्याहूनही रुग्णाचा विचार मोठा आहे. मुलाला भेटायला निघालेल्या आईच्या सामानात आपण सहा महिन्यांच्या गोळ्या साध्या पिशवीत घालून देतो. पिशवीवर 'सकाळ-संध्याकाळ २, कोमट पाण्यातून' एवढेच लिहिलेले असते. उद्या तो मुलगा काही कारणाने तेथील रुग्णालयात दाखल झाला आणि डॉक्टरांनी 'आपण काय घेत आहात?' असे विचारले, तर त्याने काय दाखवावे? गोळीत काय आहे हे केवळ आपल्याला ठाऊक, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले. पिशवीवर कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा, दिनांक आणि वैद्याचा संपर्क लिहिण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. हे लिहिता येत नसेल, किंवा लिहिले तर पुडी जाणार नाही असे वाटत असेल, तर ती पाठवू नये. 'हा कल्प तेथे पाठवता येणार नाही, येथे याल तेव्हा घ्या' असे रुग्णाला सांगणे हेही वैद्याचे कर्तव्य आहे.

मुळापासूनचा माग

आता खरेदीच्या दिवसाकडे वळू. काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या बिलावर पुष्कळदा 'मिश्र जडीबुटी, ४० किलो' असे लिहिलेले असते. निर्यातीच्या दृष्टीने हे बिल म्हणजे कोरा कागद. धोक्यात आलेल्या जीवजातींच्या व्यापाराविषयीचा साइट्स करार भारताला १९७६ पासून लागू आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात कुष्ठ, म्हणजे बाजारातील उपलेट, आहे. दुसऱ्यात जटामांसी, कुटकी, सर्पगंधा आणि रक्तचंदन आहेत. जटामांसी, कुटकी व सर्पगंधा यांच्याबाबत किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या तयार उत्पादनांना करारात सूट आहे, कच्च्या मुळांना नाही. कुष्ठाला तशी सूट नाही. आपल्या निर्यात धोरणातही वनातून गोळा केलेल्या काही वनस्पतींची कच्च्या स्वरूपातील निर्यात निषिद्ध आहे. द्रव्य लागवडीचे आहे की वनातले हे सिद्ध करणारा कागद खरेदीच्या वेळीच मिळतो. वर्षभराने व्यापाऱ्याकडे मागितल्यास तो मिळेलच असे नाही, आणि मिळालाच तर तो त्याच मालाचा असेल याची खात्री नाही.

कल्पनेनुसारही प्रश्न बदलतात. कच्च्या मुळांना आणि सालींना वनस्पती संगरोध विभागाचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागू शकते. मध आणि तूप हे अनेक देशांत प्राणिज पदार्थ म्हणून निराळ्या नियमांखाली येतात, म्हणून च्यवनप्राशाची बरणी दिसते तितकी सोपी नाही. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. त्याचे प्रमाण चाचणीने निश्चित करून कागदावर असले पाहिजे, कारण काही देशांत प्रश्न तेथूनच सुरू होतो. चूर्णांना आपल्या नियमांनुसार दोन वर्षांची मुदत असते. समुद्रमार्गाचा आणि तपासणीचा काळ वजा जाता हाती किती महिने उरतात याचा हिशेब मागणी स्वीकारण्यापूर्वी करावा. लाकडी खोके वापरले तर त्यावर उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे ना हेही पाहावे. खोक्यापायी औषध अडकू शकते.

आणि हे सारे आपण निर्यात करीत नाही म्हणून आपल्याला लागू नाही, असे कोणी समजू नये. आपले ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणावर परदेशातून येते. हिंगाची लागवड आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल येथे ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम सुरू झाली. तोवरचा कच्चा हिंग बाहेरूनच येत असे. हिंग्वष्टक चूर्ण देणारा प्रत्येक वैद्य या व्यापाराच्या एका टोकाला उभा आहे. परदेशातील आयातदार आपल्याकडे जो माग मागतो तोच माग आपण आपल्या ज्येष्ठमधाच्या व्यापाऱ्याकडे मागितला पाहिजे. तो आपण मागत नाही, म्हणून देण्याचीही सवय लागत नाही.

लहान औषधशाळेचा प्रश्न

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. मोठ्या कंपन्यांजवळ स्वतंत्र विभाग असतो; चार कामगारांच्या औषधशाळेने हे सारे कसे करावे? प्रत्येक बॅचच्या चाचण्यांचा खर्च लहान मालाला परवडत नाही. नियम करणाऱ्यांनी लहान उत्पादकाचा विचार पुरेसा केलेला नाही, हेही मला मान्य आहे. परंतु या अडचणीवरचा उपाय आपण एकेकट्याने कागदातून पळवाट काढणे हा असू शकत नाही, कारण एकाची पळवाट सापडली की तपासणी सर्वांची कडक होते. उपाय सामूहिक असला पाहिजे आणि त्यासाठी आपली संघटना योग्य जागा आहे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, संघटनेने नेहमीच्या व्यवहारातील पन्नासेक द्रव्यांची नामपत्रिका तयार करावी. तीत संस्कृत नाव, मराठी बाजारनाम, फार्माकोपियाने स्वीकारलेले वनस्पतिशास्त्रीय नाव, औषधी अंग आणि रोमन लिपीतील एकच निश्चित वर्णलेखन असावे. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि रास्ना यांपासून आरंभ करावा. रास्ना म्हणजे आपल्याकडे प्लुचिया आणि दक्षिणेत अल्पिनिया, हा घोळ तरी मिटेल. दुसरी, लहान औषधशाळांनी एकत्र येऊन एकाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी दर ठरवावेत. वीस जणांचे नमुने एकत्रित गेले तर खर्च उतरतो. तिसरी, या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात एका देशाचे नियम, ते केव्हा पडताळले त्या दिनांकासह, दोन पानांत द्यावेत. नियम बदलतात, दिनांक नसलेली माहिती अज्ञानापेक्षा घातक ठरते.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याला स्थान दिले आणि द्रव्याच्या चार गुणांत संपत्, म्हणजे त्याचे निर्दोष व परिपूर्ण असणे, गणले. द्रव्य कोठल्या भूमीतले, कोणत्या ऋतूत घेतलेले, कसे साठवलेले, याचा विचार आपल्या शास्त्राने मुळापासून केला आहे. परदेशी आयातदार निराळ्या शब्दांत हेच विचारतो. फरक इतकाच, की पूर्वी वैद्य स्वतः वनौषधी आणत असे, आणि उत्तर त्याच्या स्मरणात असे. आता द्रव्य पाच हातांतून येते, म्हणून उत्तर लिहून ठेवावे लागते.

आमच्या औषधशाळेत त्या प्रसंगानंतर एक लहानसा बदल केला. कच्चा माल आला की तो कोठीत जाण्यापूर्वी एक पान भरले जाते : नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव, अंग, कोणाकडून, कोणत्या भागातून, लागवडीचे की वनातले, ओळख कोणी पटवली, दिनांक. ते पान त्या बॅचच्या धारिकेत सर्वांत वर राहते, आणि लेबल, बीजक व चाचणीचा अर्ज त्यावरूनच उतरवून घेतले जातात. हे पान भरण्यास दहा मिनिटे लागतात. गतवर्षी एका पानावर 'ओळख पटली नाही' असा शेरा आला आणि शंखपुष्पीची तीन पोती व्यापाऱ्याकडे परत गेली. त्या पोत्यांतली गोकर्णी येथील रुग्णाच्या पोटातही शंखपुष्पीच्या नावाने गेली नाही, याचे समाधान मला निर्यातीहून अधिक वाटते. ज्या सभासदांना या पानाचा नमुना हवा असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयाकडे मागणी करावी; तो तेथे देऊन ठेवला आहे. त्यात उणिवा असतील, त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.